डोहातल्या डोंग्याचे ठिकाण

वैनगंगेच्या डोहात बुडालेल्या डोंग्याचे ठिकाण मी फोडले, असे आमच्या गावात आणि चंद्रपूरच्या हौशी पाणबुड्यांच्या गटात आता सर्रास सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या दिवशी गावातही नव्हते. उरलेले होते, पण सोयीचे तेवढेच त्यांनी पाहिले. मी ठिकाण सांगितले, हे खरे आहे. कोणाला सांगितले आणि कशासाठी, हे मात्र कोणी विचारत नाही. या वयात लोकांच्या तोंडी आपली हकीकत सोपवून मरण्याची माझी इच्छा नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझा जन्म ढिवराच्या, म्हणजे नदीवर मासेमारी करणाऱ्याच्या, घरातला. नोकरी सगळी शाळामास्तरकीत गेली, पण पाण्यात उतरणे मी सोडले नाही. नदीत बुडालेली माणसे शोधून काढण्याचे काम आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. त्या कामाचा एक नेम आहे. तळाशी ज्याच्या हाताला काही लागले, त्याने वर येऊन अंग पुसायचे नाही, कपडे बदलायचे नाहीत. निथळत्या अंगानेच त्या घरी जायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि सांगायचे. पहिला शब्द त्या घराचा. पोलीस पाटलालासुद्धा नंतर. माझ्या वडिलांना मी पौषाच्या थंडीत दात वाजवत असे जाताना पाहिले आहे. कोरडा माणूस ऐकीव गोष्ट आणतो. ओला माणूस स्वतः पाहून आलेला असतो.

आमच्या नदीवर पूल नव्हता त्या काळची गोष्ट. बाजाराच्या दिवशी माणसांनी खचाखच भरलेला सागवानी डोंगा पुरात सापडला. मी तेव्हा चंद्रपूरला अध्यापक विद्यालयात शिकत होतो. गावाच्या खालच्या अंगाला नदीत खडकांची एक रांग आहे. त्या खडकांच्या आधीच ज्यांनी उड्या टाकल्या, ते काठाला लागले. बाकीचे गेले. काहींची प्रेते खाली कुठेकुठे मिळाली. नावाड्याचे मिळाले नाही, डोंगाही मिळाला नाही. जे वाचले त्यांनी गावाला हकीकत दिली, ती अशी: नावाडी प्यालेला होता, सर्वांच्या आधी त्यानेच उडी मारली, मागे सुकाणूवर कोणी न राहिलेला डोंगा खडकावर आपटून फुटला, आणि हा भामटा पोहत पलीकडे निघून गेला.

डोंगा सोडून गेलेल्या माणसांनी सांगितलेली हकीकत गावाने पन्नास वर्षे जशीच्या तशी मानली. नावाड्याला कोणी सिरोंच्याच्या बाजारात पाहिले, कोणी गोदावरीपलीकडे दुसऱ्या घाटावर पाहिले. एकाने तर त्याला दुसऱ्या बायकोसह आणि दोन म्हशींसह पाहिले होते. इकडे त्याची पहिली बायको दोन मुलींना घेऊन धान रोवायला जात होती. बोअरिंगवर पाणी भरताना बायका तिला विचारत, “काऊन वं, तुह्या माणसानं तिकडं दुसरा डोंगा घेतला म्हणते?” मुलींच्या सोयरिकीत हाच विषय निघे. ती एकदा सिरोंच्यापर्यंत जाऊन शोधून आली. त्याचीही गावाने चेष्टाच केली.

अलीकडच्या काही वर्षांत वरच्या घाटांवरून रेतीचा असा उपसा झाला की नदीचा तळ खाली गेला. एका उन्हाळ्यात चंद्रपूरच्या गटातली मुले पाठीला टाक्या बांधून आमच्या डोहात सराव करत होती. त्यांना तळाशी एक मोठी लाकडी कड उघडी पडलेली दिसली. गटाचा प्रमुख घुग्घुसकडच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला असलेला तरुण. त्याने मला बोलावून घेतले. त्याच्या भाषणात आता “आम्ही शोधले” एवढेच येते. शोधले त्यांनी, याविषयी माझा वाद नाही. पण ते काय आहे हे त्यांना माहीत नव्हते. मी हातात धोंडा घेऊन खाली गेलो. दोन पुरुष पाणी होते. पाणी गढूळ, त्यामुळे डोळ्यांचा उपयोग नव्हता. मी हाताने चाचपत गेलो. लोखंडी पट्ट्या, राळेने भरलेल्या सांधी, रेतीत रुतलेला पुढचा भाग. वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही फळी फुटलेली नव्हती; डोंगा आपटून नव्हे, पाणी भरून बुडाला होता. आणि जागा खडकांच्या खाली, म्हणजे ती रांग ओलांडून पुढे, मोठ्या डोहात.

काठावर आलो तेव्हा प्रमुख म्हणाला, “सर, हे ठिकाण आपल्यातच राहिलं पाहिजे. लोकांना कळलं तर आठ दिवसांत फळी न्‌ फळी काढून नेतील. समुद्रातल्या जहाजांचंही असंच असतं. चांगले पाणबुडे ठिकाण सांगत नाहीत.”

त्याची भीती खोटी नव्हती. हे मी तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो. मी फक्त विचारले, “आणि त्या बाईला कधी सांगायचे?”

“कोणत्या बाईला?”

माझा राग या दोन शब्दांपासून सुरू झाला आणि तो अजून उतरलेला नाही. बुडालेल्या वस्तूचे रक्षण करायला निघालेल्या माणसांना ती वस्तू कोणाची, हा प्रश्नच पडलेला नव्हता.

मी तसाच उठलो. ओले धोतर, ओला बनियन, एप्रिलची भर दुपार. मी वाटेत कोणाशी अवाक्षर बोललो नाही. पण आमच्या गावात म्हाताऱ्या ढिवराने असे निथळत गल्लीतून चालणे म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळते. मी जसजसा पुढे गेलो तसतशी दारे उघडत गेली. “कपडे बदलून गेला असता तर कोणाला काही कळले नसते,” असे मला नंतर ऐकवण्यात आले. कळले नसते. पण कपडे बदलून जाणारा माणूस मी नाही.

ती अंगणात मोहफुले पसरत होती. मला पाहून तिचे हात थांबले. ती उठली नाही.

“बाई, डोंगा सापडला.”

“कुठी?”

“खडकाच्या खाली. मोठ्या डोहात.”

“खडकाच्या खाली?” तिने पुन्हा विचारले. मग म्हणाली, “फुटला काय?”

“नाई. मी हात लावून पायला. साबूत हाये.”

ती नावाड्याची बायको. तिला पुढचे समजावून सांगावे लागले नाही. “म्हंजे मांगं कोनीतरी उभा होता,” ती म्हणाली.

“होता.”

“मंग हे मले काऊन सांगून राह्यले, गुरुजी? मले तं पयलेपासून मालूम होतं. गावाले सांगा.”

दुसऱ्या दिवशी गटप्रमुख माझ्या घरी आला. आवाज चढवून म्हणाला, “सर, तुम्ही विश्वासघात केला.”

मी त्याला त्याचाच मोबाइल उघडायला लावला. आदल्या संध्याकाळी त्याच्याच गटाने जगासाठी एक छायाचित्र टाकले होते. पाच जण अंगठे वर करून पाण्यात उभे, आणि खाली लिहिलेले, “ऐतिहासिक शोध, ठिकाण गुप्त”. त्यांच्या डोक्यांमागे पलीकडच्या काठावरची वाकडी काटेसावर आणि दोन उंचवट्यांची टेकडी स्पष्ट दिसत होती.

“आमच्या गावचा गुराखी हे पाहून तुला सांगेल, तू कुठल्या धोंड्यावर उभा होतास ते,” मी म्हणालो. “गुप्त कोणापासून ठेवलेस? फक्त तिच्यापासून.”

तो ओशाळला, पण हटला नाही. त्याने तोडगा काढला: डोंगा साबूत सापडला एवढे गावाला सांगावे, कुठे ते सांगू नये. शहाणी वाटणारी ही सूचना मी धुडकावली, आणि यावरच लोक मला हेकट म्हणतात. परंतु साबूत डोंग्याने एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. तो खडकांच्या वर सापडला असता तर वाचलेल्यांची हकीकत कशीतरी टिकली असती. तो खडकांच्या खाली आहे, यातच सारे आहे. मागे सुकाणूवर माणूस नसेल तर आमच्या नदीत कोणतीही वस्तू ती रांग चुकवून जात नाही. ठिकाण हाच त्या माणसाचा पुरावा होता. ते झाकायचे, म्हणजे त्याची बाजू मांडणारा एकमेव साक्षीदार कोठडीत ठेवायचा.

ग्रामपंचायतीसमोरच्या चबुतऱ्यावर लोक जमले. त्या डोंग्यातून वाचलेला एकच गृहस्थ आज हयात आहे. वयाने माझ्याहून मोठा, गावात मान असलेला. तो म्हणाला, “आमी आमच्या डोयानं पायलं. तोच पयले कुदला.”

“मंग डोंगा खडक चुकवून डोहात गेला कसा, भाऊ?” मी विचारले.

“पान्यानं नेला.”

“पान्यानं? तुमच्या म्हशीले तं पानी दर पुरात त्याच खडकावर नेते. डोंग्याले बरी वाट दाखवली!”

लोक हसले. हसता हसता काहींची तोंडे बंद झाली, कारण वाहून आलेली लाकडे, मेलेली ढोरे, छपरे, सारे त्याच खडकावर अडकते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मग मी नेमके ठिकाण सांगितले. मोठ्याने, सर्वांसमोर. दुसऱ्या दिवसापासून लोक बांबू घेऊन डोहावर जाऊ लागले. ज्यांना बुडी मारता येत होती, त्यांनी हात लावून पाहिले.

पाऊस लागण्याआधी चोरांनी लोखंडी पट्ट्या उपटल्या आणि वरच्या फळ्या कापून नेल्या. गटप्रमुखाने मला फक्त एवढेच कळवले: “पाहा सर, झालं ना.” झाले. मला त्याची चीड आहे. ते कोण होते हे कळले तर मी आजही त्यांच्या दारात उभा राहीन. ठिकाण गुप्त राहिले असते तर डोंगा वाचला असता, हेही मी वादासाठी मान्य करतो. खाली डोंगा साबूत राहिला असता आणि वर ती बाई मरेपर्यंत पळपुट्याची बायको राहिली असती. हा सौदा ज्यांना पटतो, त्यांनी तो स्वतःच्या आईच्या बाबतीत करून पाहावा.

चोरीच्या आधी एका सकाळी मी तिला लहान डोंग्यातून तिथे नेले. मी बांबू खाली सोडला, लाकडाला लागेपर्यंत, आणि तिच्या हातात दिला. तिने दोनदा टेकवून पाहिला. ती रडेल असे मला वाटले होते.

“इथी होता काय रे तू?” ती पाण्याकडे पाहून म्हणाली. “आन मी सिरोंच्याच्या बाजारात लोकायची तोंडं पायत फिरली! गावानं माह्यावर थुकलं, पोरीयची लग्नं अडली, आन तू इथी, घराच्या इतक्या जवळ. डोंग्याची एक फयी तरी वर पाठवाची होती, बाप्पा!”

बराच वेळ ती त्याला बोलत राहिली. सगळे लिहिण्यासारखे नाही. शेवटी तिने बांबू माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “चला गुरुजी. झालं.”

काठाला तो वाचलेला गृहस्थ येऊन थांबला होता. तिला उतरताना पाहून त्याने हात पुढे केला.

“सांभाळून बाई, चिखल हाये.”

“चिखलात तं तुमी उभे आहा, भाऊ,” ती म्हणाली. “तुमीच सांभाळा.”

आणि त्याचा हात तसाच ठेवून, लुगड्याचा ओचा वर धरून, ती एकटी काठ चढून गेली.