भीमेतला विलायती मासा

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान आणि सोलापूरच्या मिलमधले विणकाम मास्तर, माशाला मसाला चोपडणाऱ्यावर जितके चिडत तितके माग बंद पाडणाऱ्या कामगारावरही चिडत नसत. "मसाला लई बडबडतो," म्हणायचे. "माशाला बी दोन शब्द बोलू द्या की!" सोलापुरात तिखटाशिवाय घास उतरत नाही. तिथं असं बोलणाऱ्याला लोकांनी येडा ठरवलं नसतं तरच नवल.

हे खूळ त्यांनी जपानातून आणलं होतं. मिलच्या मालकांनी नवे माग शिकायला त्यांना तिकडे धाडलं. दुसऱ्या कुणी घड्याळ आणलं असतं, रेशीम आणलं असतं. दाजींनी आणली घरमालकिणीची मासा भाजायची रीत. मरळ चिरायचा, नुसतं मीठ चोळून ठेवायचा, सुटलेलं पाणी फडक्यानं टिपायचं आणि मंद निखाऱ्यांवर जाळीवर भाजायचा. सोबत मऊ भात आणि किसलेला मुळा. संपलं. एकदा मी मासा लवकर उलटला, तर उलथनं हिसकावून घेतलं. "शेवंते, त्याला घाई न्हाय, तुला का गं?" जेवायचे मात्र बांबूच्या दोन काड्यांनी, स्वतः तासलेल्या. आक्का हसून बेजार व्हायची.

मग आक्का विषमज्वरानं अंथरुणाला खिळली आणि मी तिच्या उशाशी राहायला आले. ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. पेज उलटे, दूध उलटे. दाजींचा बिनमसाल्याचा मासा तेवढा टिकायचा. काड्यांनी एकेक काटा वेचून ते तिला भरवत. मिलमध्ये ज्यांच्या आवाजाला माणसं टरकत, ते घासावर फुंकर घालत बसत. आक्काच्या गालांवर थोडा रंगही दिसू लागला होता.

ते दिवस परदेशी मालावरच्या बहिष्काराचे. आमच्या गल्लीचं पुढारपण सुताचे व्यापारी तात्या यांच्याकडे होतं. दाजींच्या काड्या त्यांच्या नजरेस पडल्या आणि त्यांनी जाहीर केलं, या घरात जपानी जेवण शिजतं, व्यवहार बंद. मासे आणणाऱ्या भोईणीला दम भरला, या दारात टोपली उतरवलीस तर गल्लीत कुणी तुझा मासा घेणार नाही. पोट कुणाला नसतं? ती यायची थांबली, आणि बाजारातही तात्यांच्या धाकानं दाजींना कुणी मासा देईना.

आजही हे लिहिताना माझं डोकं फिरतं. मरळ भीमेतला, मुळा मोहोळचा, आणि म्हणे विलायती! तात्यांच्या दुकानात जपानी रेशमाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. त्यावर कुणी तोंड उघडलं नाही, कारण प्रत्येकाच्या मागावर तेच रेशीम चढत होतं.

दाजी स्वतः दुकानावर गेले. "तात्या, माझ्यावर राग काढा. तिच्या पोटात दुसरं काय ठरंना हो."

"मास्तर, देशापायी थोडी कळ काढा की," तात्या म्हणाले.

कळ काढत होती आमची आक्का.

त्यानंतर रातपाळी सुटली की दाजी गळ घेऊन हिप्परग्याच्या तळ्यावर बसू लागले. बहुधा हात हलवत परत येत. एका सकाळी बादलीत जिवंत मरळ घेऊन आले, तेव्हा आक्का नुकतीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, ती तशीही वाचली नसती. नसती वाचली. पण उपाशी तरी गेली नसती.

दुपारी तिला पोचवून माणसं परतली. मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची असते. आणली त्यांनी. सगळ्यांच्या पुढे तात्या, डोळे पुसत. "मास्तर, दोन घास खावा."

"ती जित्ती व्हती तवा तिचा घास अडिवला," दाजी म्हणाले. "आता आमाला भरवाय आलाय व्हय?"

त्यांनी शेगडी पेटवली. बादलीतला मरळ अजून फडफडत होता. "सुतकात मासा!" बायका कुजबुजल्या. दाजींनी घाई केली नाही. मीठ चोळलं, पाणी टिपलं, निखारे मंद होऊ दिले. मग त्यांचं नि माझं अशी दोन ताटं मांडली, काड्यांनी काटे वेचले आणि मासा माझ्या ताटात घातला. "खा, शेवंते. तिचा हाय."

मी सगळ्या गल्लीदेखत खाल्ला. तात्या पिठल्याचं पातेलं घेऊन दारात तसेच उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.