पाटीवरचा आठ

शेजारचे नाना अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर साबण तसाच, अशा अवतारात आमच्या पडवीत येऊन उभे राहिले, तेव्हा मला आधी हसू आलं. आमच्याकडे फोन नाही. आमचे सगळे निरोप नानांकडे येतात आणि ते पोचवायची नानांना भारी हौस. "शकू, जरा बाहेर ये गो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून माझं हसू जागच्या जागी विरलं. दादा, माझा थोरला भाऊ, आदल्या संध्याकाळी लांज्याला कुणाचा तरी टीव्ही दुरुस्त करायला गेला होता. तिथंच मुक्काम करून सकाळच्या एसटीनं निघाला, हातखंब्याला गाडी बदलायला उतरला, टपरीवर चहा मागवला आणि चहा येईपर्यंत बाकावरच कलंडला, तो परत उठलाच नाही... टपरीवाला त्याला ओळखत होता म्हणून फोन तरी आला. नाना सांगत होते, मी ऐकत होते, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून बेल वाजायला लागली. बेल वाजली की मोजायची, ही सवय अंगात मुरलेली. मी मोजली. आठ. आमच्या घरात बेल आठ वेळा वाजली की त्याचा अर्थ एकच असे, आईला दादा हवा आहे.

हे नीट कळायचं तर दादाची पाटी कळली पाहिजे. दादा बी.एस्सी. होऊन मुंबईला कसलीशी मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. बरं चाललं होतं असं आम्हाला वाटत होतं, तर एका मे महिन्यात हा एक ट्रंक आणि पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन दारात हजर. नोकरी सोडली. का सोडली? "तिथं रोज तेच तेच," एवढंच. पंच्यातून निघाला एक हिरवा बोर्ड, शाळेतल्या पाटीएवढा. त्यावर गोमेसारखे पाय असलेले काळे तुकडे, एका बाजूला कॅल्क्युलेटरसारखी, पण आकड्यांबरोबर काही इंग्रजी अक्षरंही असलेली बटणं आणि वर लाल आकडे उमटणारी बारीक खिडकी. सिंगल बोर्ड कॉम्प्युटर असं त्याचं भारदस्त नाव दादानं आम्हाला दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "पाटी म्हण की सरळ. ठेव ती कोनाड्यात नि आधी जेवून घे मेल्या." तेव्हापासून घरात ती पाटीच. नाव अगदी चपखल बसलं, कारण वीज गेली की तिच्यावर लिहिलेलं सगळं पुसलं जाई, आणि रत्नागिरीत वीज जायला कारण लागत नाही. वारा सुटला की गेली, झाडाची फांदी हलली की गेली. वीज आली की पहिल्यापासून सगळे आकडे पुन्हा एकेक करून दाबायचे. त्याला दुसरा उपाय नव्हता. म्हणजे उपाय होता, बॅटरी जोडायची, पण ती दादा कायम पुढच्या आठवड्यात जोडणार होता.

त्या पाटीनं आमच्या घरात काय काय केलं म्हणून सांगू! विहिरीवरच्या पंपानं टाकी भरली की ती किंचाळायची. मे महिन्यात माळ्यावरच्या आंब्याच्या अढीत तिची तार खुपसलेली असायची आणि अढी किती तापली ते लाल आकड्यात दिसायचं. पण पाटी एकच. नवं काही करायचं तर जुनं मोडणं आलं, आणि दादाच्या डोक्यात सतत काहीतरी नवं असायचं. अढी अजून पिकायची असताना यानं तार उपटून पावसाचं पाणी मोजायला लावली. टाकी वाहून अंगणात तळं झालं तरी याला पत्ता नाही, हा आपला पुढच्या उद्योगात. मी शाळेत शिकवून थकून आले की चिडायचे, "एक तरी गोष्ट नांदू दे रे या घरात!" तो हसायचा, म्हणायचा, "झाली ना ती करून, आता तिच्यात काय राहिलं?" गावात त्यानं काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानातही हेच. लोकांचे रेडिओ उत्तम दुरुस्त करी, पण दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाईकाला नेऊन द्यायचा कंटाळा. लग्नाचं काढलं की उठून बाहेर जाई. पायाला भिंगरी म्हणतात ती काय असते, हे आमच्या दादाकडे बघून कळायचं.

एकदा तर खाऱ्या हवेनं पाटीच्या बटणांना गंज चढायला लागला म्हणून दादानं होड्यांचा विचार केला. होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल फासतात, मग पाटीला का नको? फासलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांच्या बोटांना टरारून फोड, काजूचा चीक अंगावर उतल्यावर येतात तसे, आणि पाटी गुळाच्या ढेपेसारखी चिकट. आईनं खोबरेल लावून त्याला स्वतःच्या हातानं भरवलं आणि प्रत्येक घासाला एक शिवी दिली. बोटं बरी झाल्यावर त्यानं कापसानं आणि स्पिरिटनं पाटी पुसून काढली. चारचं बटण मात्र तेव्हापासून अडकतं. जोर लावून दाबावं लागतं.

आकडे म्हणायची आमची रीतही अशाच एका घोटाळ्यातून सुरू झाली. गणपतीत दादानं मखराभोवती पळणारे दिवे केले होते. गाव बघायला लोटला. ऐन आरतीत वीज गेली आणि आली, सगळे दिवे उजळले पण मखराचे मेलेलेच. दादा झांज खाली टाकून पाटीशी जाऊन बसला आणि माझ्याकडे आकडे लिहिलेला कागद फेकला, "शकू, म्हण!" मी म्हणायला लागले, "तीन ई, शून्य एक..." इकडे आरती, तिकडे मी. भटजींनी डोळे वटारले, पण आरती संपायच्या आत दिवे पळायला लागले. तेव्हापासून मी म्हणायचं आणि त्यानं दाबायचं हे ठरूनच गेलं. वर्गात पाढे घेते त्याच चालीवर मी ते म्हणायचे. पुढं पुढं कागदाची गरजच उरली नाही. मी स्वयंपाकघरातून म्हणत असे आणि तो कोनाड्यातल्या पाटीवर दाबत असे.

मग आईला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं तर पारच गेलं. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत. जी बाई सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत बोलत असे, तिच्या तोंडून शब्द नाही... डोळे मात्र सगळं बोलायचे आणि आम्हाला काही कळायचं नाही. पाणी हवं का, कूस बदलायची का, आम्ही विचारत राहायचो आणि ती रागानं डोळे मिटून घ्यायची. मी म्हटलं, दाराला असते तशी एक बेल लाव तिच्या उशाशी. दादा एकदम खवळला. "बेल फक्त 'ये' म्हणते. आईला काय तेवढंच म्हणायचं असतं? जन्मात कधी एका शब्दावर थांबली होती ती?"

आणि त्यानं पाटीवरचं सगळं मोडून आईची बेल केली. पाटी आईला दिसेल अशी भिंतीवर टांगली, बटण तिच्या डाव्या तळव्याखाली बांधलं. खिडकीत लाल एक उमटतो, जरा थांबतो, मग दोन, मग तीन, असे आकडे सावकाश चालत राहतात. हवा तो आकडा आला की आईनं बटण दाबायचं, की तितक्या वेळा बेल वाजते. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, तीन पंखा, चार रेडिओ, पाच म्हणजे हातातलं टाकून धाव, सहा म्हणजे पेपर वाचून दाखव, सात म्हणजे दिवा घालव. पहिल्या दिवशी आईनं सहा दाबला. मी पेपर वाचायला बसले तर तिनं अर्ध्यात पंखा मागितला, मग रेडिओ, मग पुन्हा पेपर. तिनं आम्हाला संध्याकाळपर्यंत नुसतं नाचवलं. दादा दारात उभा राहून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

थोड्या दिवसांनी त्यानं आठ घातला. मला जवळ बोलावून दाखवलं, "हे बघ, इथं आपण 'एफ ई, शून्य आठ' म्हणतो ना, म्हणजे आकडा आठ झाला की परत एकवर जा. आता म्हणायचं 'एफ ई, शून्य नऊ'. झालं, आठ दिसायला लागला." मी विचारलं, आठ म्हणजे काय? "ते आई ठरवेल. सगळे आपणच ठरवलेत, एक तिचा असू दे." आईनं ठरवायला वेळ लावला नाही. आठ वाजले आणि मी आत गेले की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. दादा आत गेला की त्याचं मनगट डाव्या हातानं धरून ठेवायची. काही मागणं नसे. नुसतं धरून ठेवायची. आणि जो माणूस कुठं घटकाभर टेकत नसे, तो तिथं बसून राही... पाटीवर नवं काही करायचं त्यानं त्यानंतर कधी काढलं नाही. डोक्यात येत असणारच, पण पाटी आईची झाली होती. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "हिच्यात अजून राहिलंय काहीतरी."

त्या सकाळी नानांना पडवीत तसंच सोडून मी आत गेले. आईनं तोंड फिरवलं. मी तिला सांगितलं. कसं सांगितलं, कोणते शब्द वापरले, काही आठवत नाही. ती बराच वेळ भिंतीकडेच बघत होती. तिनं डोळे मिटले नाहीत, हे मात्र आठवतं.

त्यानंतर आठ वाजला नाही. घर पाहुण्यांनी भरलं. लांज्याची आत्या राहायला आली. पंखा, पाणी, कूस, सगळं वाजे. लाल आठ खिडकीत उमटे, थांबे आणि निघून जाई, आणि तो असताना आई बघत असे. ते आत्याच्या ध्यानात आलं. "अगो, तो आठ काढून टाक बघू," तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. "दर फेरीला तिच्या काळजावर ओरखडा उठतो, दिसत नाही तुला? मरणाची वाट बघत पडलेल्या बाईला आणखी कसली वाट बघायला लावतेस?" मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही. दोन्ही एकदम. आंघोळीला गेले की वाटायचं काढावा, बाहेर आले की वाटायचं असू दे.

आणि एका दुपारी वारा सुटला, वीज गेली, आली. खिडकी कोरी. आईनं बटणावर बोटं आपटली, बेल नाही. एवढे दिवस वीज गेली नव्हती हेच नवल म्हणायचं. मी स्टूल ओढून पाटीसमोर बसले. आजवर मी फक्त म्हणत आले होते, दाबणारा कायम दुसरा होता. तरी मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, कारण मनातल्या मनात मला ते येतच नाही. म्हणायचं, मग दाबायचं. चारचं बटण अडकलं, जोर लावला. आत्या दारात येऊन उभी राहिली. म्हणता म्हणता मी "एफ ई" म्हटलं आणि थांबले. शून्य आठ म्हटलं की आठ कायमचा गेला. कुणाला काही सांगावं लागणार नाही, सात झाला की एक येईल, आणि आई थोड्या दिवसांत विसरेल. आत्यानं मान हलवली, म्हण म्हणून. मी आईकडे पाहिलं. ती पाटीकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा एकदम लक्षात आलं की ही बाई माझ्याइतक्याच वेळा हे सगळं ऐकत आली आहे. पुढं काय यायला हवं ते तिला पाठ आहे.

"शून्य नऊ," मी म्हटलं, आणि दाबलं. सात आकडे दादानं ठरवले होते, एक आईचा होता. तिच्या मालकीचं त्या खोलीत तेवढंच उरलं होतं. ते काढून घ्यायला मी कोण, आणि आत्या तरी कोण?

आकडे चालायला लागले. एक, दोन, तीन. आई बघत राहिली. सात गेला, आठ उमटला, आणि बेल वाजू लागली. आठही ठोके पडेपर्यंत आत्या आणि मी जागच्या हललो नाही. मग मी स्टूल तिच्या खाटेजवळ ओढलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आत्या लांज्याला परत गेली. बॅटरी मी अजून जोडलेली नाही, तेव्हा वीज गेली की स्टुलावर बसून पहिल्यापासून म्हणते आणि "एफ ई" ला माझा आवाज दर वेळी अडखळतो. आठ रोज वाजतो, कधी कधी दोनदा. हातातलं काम ठेवून मी जाते. आई तोंड फिरवते. मी बसून राहते.