मावशीचा तीळ कुणी पुसला?

घरात सगळे तिला ठिणगी म्हणत. हे नाव मावशीनं ठेवलं होतं, आणि ते किती चपखल आहे हे तिनं शाळेत पाऊल टाकताच बाईंना कळलं होतं. पुढे तिनं फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता गिऱ्हाइकांशी गोड बोलावं लागेल, आपोआप विझेल. कसली विझतेय! कुणी म्हटलं, "जरा गोरं करा हो फोटोत," की ती कॅमेरा खाली ठेवायची आणि विचारायची, "का? हा चेहरा भाड्यानं आणलाय का?" काही लोक हसत आणि बसत. काही तडक समोरच्या दुकानात जात.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत मावशीचं शिलाई मशीन होतं. आई गेल्यावर मावशीनंच ठिणगीला लहानाचं मोठं केलं. मावशीच्या गालावर, गळ्यावर आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. ते तरुणपणी उठले, पसरत गेले आणि त्यांच्यापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण घरातल्या एकाही जुन्या फोटोत ती धड दिसत नाही. कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी लपलेली, नाहीतर ऐन वेळी मान वळवलेली. स्टुडिओवाल्या भाचीच्या घरात मावशीचा एक फोटो नसावा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ठिणगीचं स्वतःचंही काही बरं चाललं नव्हतं. ओळखपत्राचे फोटो काढून काढून ती विटली होती. करडा पडदा, ताठ मान, मिटलेलं तोंड. काहीतरी वेगळं करावं म्हणून ती फोनवर दुसऱ्यांची कामं पाहत बसे आणि तसंच करायला जाई. कुणाला रंगीत काचेमागे बसवलं, कुणाच्या डोक्यावर फुलं ओतली, एकदा तर धूर इतका केला की बसलेला माणूस खोकत बाहेर पळाला. फोटो वाईट नव्हते, पण उसने आणलेल्या कपड्यासारखे कुठेतरी सैल, कुठेतरी तंग वाटत.

मग एका सकाळी ती मावशीकडे कात्री मागायला गेली आणि दारातच थबकली. खिडकीजवळ एक जुनी वेताची खुर्ची आडवी टेकवून ठेवली होती. तिच्या पाठीच्या जाळीतून ऊन आत येत होतं आणि ती सगळी जाळी मावशीच्या तोंडावर आणि हातांवर उतरली होती. उजेडाचे चौकोन, सावलीचे चौकोन आणि त्यांच्यात मावशीचे डाग. कुठला उजेड उन्हाचा आणि कुठला कातडीचा, सांगता येईना. मावशी सुईत दोरा ओवत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

"मावशी, हलू नकोस."

"का? पाल आहे का अंगावर?"

"तुझा फोटो काढायचाय."

"त्यापेक्षा पाल बरी," मावशी म्हणाली आणि उठून गेली.

तिला राजी करायला ठिणगीला किती विनवण्या कराव्या लागल्या, ते तिचं तिला ठाऊक. तोवर तिनं स्टुडिओत ती खुर्ची उंच टांगली, मागे एकच दिवा लावला, तो पुढे-मागे सरकवून सावली कधी धारदार, कधी मऊ करून पाहिली. आधी स्वतः बसली, मग एका उशीला बसवलं. शेवटी मावशी आली, ती हातात दोरा-सुई घेऊनच. "रिकाम्या हातांनी मला बसता येत नाही," म्हणाली. ठिणगीनं तिला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलंच नाही. बराच वेळ शिवून झाल्यावर मावशीनं आपणहून मान वर केली, "झालं का गं?" म्हणून. तो फोटो.

मावशीनं तो पाहिला आणि कितीतरी वेळ हातातून सोडला नाही. "हनुवटीवरचा तीळ आईचा आहे माझ्या," एवढंच म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "लाव काचेत. बघू देत लोकांना." ठिणगीला आयुष्यात इतकं मोठं बक्षीस मिळालं नव्हतं. तिनं तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. येणारे-जाणारे थांबत, आणि काही आत येऊन म्हणत, "आमचाही असा काढा." ती म्हणे, "असा नाही. तुमचा तुमच्यासारखा."

आणि मग चौकात तो फलक लागला.

त्वचेच्या नव्या दवाखान्याची जाहिरात. डावीकडे मावशी, त्याच फोटोतली, आणि वर लिहिलेलं 'आधी'. उजवीकडे तीच मावशी, पण डाग गायब, सुरकुत्या गायब, जाळीची सावली गायब, चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. वर लिहिलेलं 'नंतर'. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीला कळू नये म्हणून ती धावत घरी आली, तर मावशी भाजीची पिशवी घेऊन त्याच रस्त्यानं परतली होती. पिशवी खाली न ठेवता तिनं विचारलं,

"माझा तीळ कुणी पुसला?"

ठिणगी तशीच दवाखान्यात शिरली. डॉक्टर तरुण, हसतमुख, पांढराशुभ्र कोट. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"फोटो अप्रतिमच आहे," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला त्यातून प्रेरणा मिळाली."

"प्रेरणा? दुसऱ्याच्या दारातल्या चपला घालून गेलात, तर त्याला काय म्हणता?"

"अहो, काचेत लावलेला होता. कुणीही बघू शकत होतं."

"तुमची खुर्चीही मला खिडकीतून दिसते. उचलून नेऊ?"

डॉक्टरांचं हसू जरा आवळलं. जाहिरात करणाऱ्याची चूक असेल, बघू, सांगू, असं ते पुटपुटले. आणि मग, आपण फार मोठं मन दाखवतोय अशा थाटात म्हणाले, "हवं तर तुमच्या मावशींवर मोफत उपचार करतो."

त्यावर ठिणगी काय बोलली, ते बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. शब्द छापण्यासारखे नव्हते, पण अर्थ एवढाच होता की मावशी आजारी नाही, आजारी तुमची नजर आहे.

फलक काही उतरला नाही. "उद्या बघू," "माणूस पाठवतो," अशी टोलवाटोलवी सुरू झाली. उलट बाजारात मावशीला लोक अडवू लागले. "अरेच्चा, अजून गेले नाहीत का डाग? औषध मध्येच सोडलंत की काय?" जन्मभर लपवलेलं तोंड तिनं एकदाच धीर करून उघडं केलं, तर ते असं चौकात टांगलं गेलं. ठिणगीला वाटलं, मावशी आता पुन्हा मागच्या खोलीत शिरेल, ती बाहेर येणारच नाही. आपणच फोटो काढून हे ओढवलं, असं वाटून ठिणगी धुमसत राही.

पण एके दिवशी दुपारी मशीन बंद दिसलं. मावशी घरातही नव्हती. ठिणगी शोधत शोधत दवाखान्यापाशी पोचली, तर मावशी आत, त्या जाहिरातीच्या छोट्या प्रतीखाली, बाकावर बसलेली. मांडीवर कुणाचा तरी कुर्ता, हातात सुई. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला ती शांतपणे सांगत होती, "ती वरची मी. इथलं औषध मी कधी घेतलेलं नाही. आज पहिल्यांदाच आलेय." एवढं सांगून पुन्हा टाका घालत होती. काउंटरवरच्या बाईनं उठायला सांगितलं, तर म्हणाली, "बसू दे गं, काजं करायची राहिलीत." डॉक्टर बाहेर आले, लाल झाले, आत गेले. पेशंट एकमेकांकडे बघू लागले. एक जोडपं उठून गेलं.

ठिणगीनं शेजारी बसकण मारली. मावशी दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर चौकातला फलक उतरला आणि भिंतीवरची प्रतही गेली.

माफी मात्र कुणी मागितली नाही. फलकाच्या जागी दात चमकवणारी दुसरी जाहिरात लागली, तीही त्याच डॉक्टरांच्या भावाची. ठिणगी म्हणे, जेवढा मोठा फलक लावला तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माफी लावा. डॉक्टर तिला रस्त्यात पाहिलं की फोन कानाला लावत. आजही लावतात. आणि तीही, जळती काडी टाकावी तशी, एक नजर टाकल्याशिवाय पुढे जात नाही.

दवाखान्याच्या त्या बाकावर मावशीशेजारी एक बस चालवणारी बाई बसलेली असायची. तिच्या बोटांवर आणि ओठांवर डाग होते. एका सुट्टीच्या दिवशी ती स्टुडिओत आली आणि दारातच म्हणाली, "माझा काढाल? वेताची खुर्ची लावून."

"खुर्ची मावशीची," ठिणगी म्हणाली. "तुम्ही दिवसभर कशाकडे बघता?"

बाई गोंधळली. "आरशात. मागे कोण चढतंय, कोण उतरतंय ते."

ठिणगी लगेच भंगारवाल्याकडे जाऊन बसचा एक मोठा लांबट आरसा घेऊन आली. तो कुठे टांगायचा, दिव्याचा उजेड त्यातून कसा परतवायचा, बाईचे डोळे आरशात दिसावेत आणि हात समोर, हे जमवता जमवता दोघींची दुपार गेली. मधेच बाईनं सवयीनं बोटं मुठीत मिटली.

मागच्या खोलीतून मावशी ओरडली, "हात उघडे ठेव गं! ही बया फोटोतलं काही पुसत नाही!"

बाई खळखळून हसली. ठिणगीनं बटण दाबलं.