ज्योतीरामचा डावा कान

सुजितच्या चॅनेलचं नाव 'पब्लिक बोलतंय'. आठवडाभर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला पार्ट तपासायचे आणि गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या वारी, शेजारपाजारच्यांना एखादा परदेशी पिक्चर दाखवून मोबाइलसमोर बोलतं करायचं, हा पोराचा नाद. संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत मग दुपारी दहा-बारा माणसं मांडीला मांडी लावून बसायची. त्याची आई सुभद्राबाई पोहे करून दमायची, आणि बाप ज्योतीराम दाराशी स्टूल टाकून, उजवा कान टीव्हीकडे करून बसायचा.

डावा कान त्याचा पार गेलेला. का गेला, तर प्रेस शॉप. आयुष्य पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर काढलं की माणसाला ऐकू कमी यायचंच, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एवढंच, की आवाजानं जातात ते दोन्ही कान जातात. ह्याचा एकच कसा गेला, हे ना बायकोनं विचारलं, ना पोरानं. आणि पोरगा म्हणे क्वालिटीत!

त्या गुरुवारी पिक्चर होता फ्रान्समधल्या पोलिसांचा, हिंदीत डब केलेला. एक शाळकरी पोरगी पळवलेली असते. इन्स्पेक्टर एका माणसाला संशयावरून उचलतो, बंद गॅरेजमध्ये खुर्चीला बांधतो आणि चांगला दहा मिनिटं बडवतो. मागं व्हायोलिन. मार खाऊन झाल्यावर तो माणूस रक्त थुंकून हसतो, काहीतरी चटकदार बोलतो आणि पत्ता सांगून टाकतो. पोरगी सुटते. खोलीत टाळ्या पडल्या.

मग मतं सुरू झाली. बँकेतून रिटायर झालेले हरिहरकाका म्हणाले, हिंसा जरा जास्त आहे, पण कॅमेरा फार सुंदर. वासंतीताई म्हणाल्या, मी आपली अर्धा वेळ डोळे मिटूनच होते, तरी आवडला. जिमवाला विक्की छाती काढून म्हणाला, "भावा, असेच पोलीस पाहिजेत आपल्याकडं. डायरेक्ट ठोकायचं. वकील नाही, तारीख नाही." कुणाचं काही चुकलं असं नाही. पिक्चर तसाच बनवलेला होता, आणि पोहेही चांगले झाले होते.

शेवटी सुजित स्वतः मोबाइलसमोर बसला. "मित्रांनो, मारल्याशिवाय खरं बाहेर येत नाही, हे डायरेक्टरनं न घाबरता दाखवलंय. आणि एक लक्षात घ्या, पोलीस उगाच कुणाला उचलत नाहीत."

विक्की बोलला ते ज्योतीरामनं सोडून दिलं होतं. जगानं काय म्हणावं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पण पोटचं पोर हे म्हणतंय म्हटल्यावर त्याला बसवेना. आजवर कधी मोबाइलसमोर न आलेला माणूस स्टूल उचलून पुढं आला आणि म्हणाला, "माझं पण मत घे."

सगळे हसले. सुजितला तर आनंदच झाला. "बोला, अण्णा."

"ते मारल्यावर बोलतो दाखवलाय ना, तसं न्हाई बोलता येत," ज्योतीराम म्हणाला. "कानाखाली बसली की निस्ती शिट्टी वाजती. समोरचा काय इचारतोय तेच ऐकू येत न्हाई. उत्तर काय देणार माणूस? आन त्यो बाजा बी वाजत नसतो. मारणारा दमतो. मग चहा मागवत्यात. मला बी दिला होता. एक हवालदार म्हणला, याच्यात साखर जास्त टाक, याला चक्कर येतीय. चहा झाला की पुन्हा सुरू."

विक्कीनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तू पोटात होतास. तुझी आई परंड्याला माहेरी गेलती. कंपनीच्या स्टोअरमधनं पितळी पार्टांची एक पेटी कमी भरली. त्या रात्री पाळीला आमी चौघं. तिघं हितलेच, नात्यागोत्याचे. मी एकटा भायरचा. मला चौकीवर नेलं. दोन दिवस ठिवलं. कागद न्हाई, केस न्हाई. डावा कान तितं गेला, प्रेस शॉपमधी न्हाई. आठ दिवसांनी ती पेटी सापडली. चुकून दुसऱ्या शेडच्या मालात गेलती. कंपनीतला सायेब म्हणला, ज्योतीराम, झालं गेलं इसरून जा, उद्यापास्नं ये कामाला. गेलो. घर चालवायचं होतं."

सुजितच्या डोळ्यांत पाणी होतं. रेकॉर्डिंग थांबवून त्यानं बापाचा हात दाबला. "एक नंबर, अण्णा," एवढंच म्हणाला. सव्वीस वर्षं छातीवर धरलेला दगड उतरला म्हणायचा. पोराला कळलं, पोराला पटलं, आणखी काय पाहिजे होतं त्या माणसाला? संध्याकाळी त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली.

सुभद्राबाईची मात्र भांडी आपटून झाली, ओटा दोनदा पुसून झाला, मग फुटली एकदाची. "बारा वर्षं त्या कानात लसणाचं त्याल घातलं मी. कोमट करून. तवा सांगता नाय आलं? त्या विक्कीला कळायच्या आदी मला कळायला नको व्हतं?" आणि रडली. रडता रडता म्हणाली, "हात झडले कसे न्हाईत मेल्यांचे." तिनं खरं-खोटं काही विचारलं नाही. तिला ते विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी सुजित उड्या मारत आला. बापाचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी बघितला होता. त्याच्या चॅनेलला आजवर चारशेच्या वर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ज्योतीरामनं चष्मा लावला, आणि मोबाइलमध्ये स्वतःला बोलताना पाहिलं. त्याच्या बोलण्यामागं व्हायोलिन वाजत होतं. चहाचं आलं, साखरेचं आलं, कानाचं आलं, आणि संपलं.

"पेटी सापडली ते कुटं गेलं?"

"ते कापलं अण्णा. लांबत होतं. लोक मार ऐकायला थांबतात, पेटी कुठं गेली ते ऐकायला नाही थांबत."

खाली लोकांची मतं होती. सुजित हौसेनं वाचून दाखवत होता. काका, तुम्ही ॲक्टिंगमध्ये यायला पाहिजे. पिक्चरपेक्षा काका भारी. चहावाला डायलॉग जबरदस्त. मग, काहीतरी केलं असेलच, पोलीस काय वेडे आहेत का. काकांनी चोरी केली का नाही ते सांगितलंच नाही, हुशार आहेत काका. त्याला दोनशे जणांनी लाइकचा अंगठा दिला होता. एकानं लिहिलं होतं, बाहेरून येतात आणि असले धंदे करतात. सुजित तिथं जरा अडखळला, पण वाचलं त्यानं.

"वाईट नका वाटून घेऊ," तो म्हणाला. "लोक काय, बोलतात."

"लोकांचं जाऊ दे," ज्योतीराम म्हणाला. "तुजं काय मत?"

सुजितनं मोबाइल पालथा ठेवला. आईनं ऐकू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटलं, बापाच्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"अण्णा, मला तुमचा रागबिग काही नाही. परिस्थिती असते माणसाची. आई बाळंतपणाला गेलेली, खर्च तोंडावर. आता इतकी वर्षं झाली, मी कुणाला सांगणार नाही. पेटी सापडली म्हणालात, ते चारचौघांसमोर म्हणावंच लागतं. फक्त मला खरं सांगा. घेतली होती ना पेटी?"

चौकीवरच्या फौजदारानंही हेच विचारलं होतं. तो मारून विचारत होता, आणि ज्योतीराम दोन दिवस न्हाई, न्हाई म्हणत टिकला होता. पोरगं खांद्यावर हात ठेवून विचारत होतं, आणि ज्योतीरामच्या तोंडून तेवढा एक शब्द काही केल्या निघेना.