सूर्याचा पासपोर्ट फोटो

हनुवटीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. पासपोर्ट कचेरीच्या समोर त्यांचं दीड खोलीचं फोटोचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं त्या तिथे पांढऱ्या पडद्यापुढे माणसं बसवतात आणि साहेब असो की हमाल, प्रत्येकाला एकच सांगतात, “हनुवटी जरा खाली.” शेजारच्या झेरॉक्सवाल्याने कधीतरी गमतीत हे नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

या धंद्यात पोटापुरतं मिळतं, कौतुक मात्र औषधालाही मिळत नाही. आपला पासपोर्टचा फोटो आवडला असं म्हणणारा माणूस ताईंनी अजून पाहिलेला नाही. हसायचं नाही, मान कलती करायची नाही, मग चांगलं दिसायचं तरी कसं? गिऱ्हाईक फोटो हातात घेतं, नाक मुरडतं, पाकिटात घालतं आणि चालू लागतं. इतक्या वर्षांत ताईंनी काढलेला एकही फोटो कुणी भिंतीवर लावलेला नाही. हे त्या हसत हसत सांगतात, पण तासाभरात दोनदा सांगतात, तेव्हा काय ते समजून घ्यावं.

दुकानातलं दुसरं माणूस म्हणजे त्यांची धाकटी नणंद. ती कॉम्प्युटरवर बसते. कुणाच्या कपाळावरचा मुरूम, कुणाच्या गालावरचा ओरखडा, मागच्या पडद्यावरचा डाग, सगळं ती माऊसच्या एका टिचकीने असं नाहीसं करते की त्याच्या आईलासुद्धा कळू नये. दुकानाचा नियम एकच: मुरूम पुसायचा, तीळ ठेवायचा. मुरूम आठ दिवसांचा पाहुणा, पण तीळ ही ओळख, तो पुसला तर बिचारा माणूस विमानतळावर अडकायचा. आणि पुसलेला फोटो जुन्याच्याच जागी साठवायचा, म्हणजे चुकून मुरमासकट छापला जात नाही.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक जुनी लांब लेन्स विकायच्या आधी चालते का बघावी म्हणून ताई गच्चीवर गेल्या. समोर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून चंद्रावर रोखली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्र आला तो खड्ड्यांसकट, कडांसकट, उन्हा-सावलीसकट. “अगंबाई!” म्हणून ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की खालून नवरा जिना चढून धावत आला. लेन्स विकली गेली नाही हे सांगायलाच नको.

आणि यंदा बुध सूर्यासमोरून जाणार होता. सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी सूर्याच्या कडेतून आत शिरणार आणि दुपारी पावणेदोनच्या सुमारास दुसऱ्या कडेने बाहेर पडणार. मागच्या वेळी ताईंना हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं होतं. यंदा हुकलं, तर इथून दिसेल असा पुढचा योग तेरा वर्षांनी. ताई आज बावन्नच्या. गणित त्यांनी बोटांवर केलं आणि बोटं पटकन मिटून घेतली.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याला सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे सूर्यावर एक काळा ठिपका? एवढंच ना? आण पेन, आत्ता काढून देतो.”

ताईंना हे झोंबलं, कारण ते खरं होतं. मधोमध असलेला ठिपका म्हणजे धूळ आहे असं कुणीही म्हणेल. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं: आपल्याला कडेचा फोटो हवा. बुध अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि सूर्याच्या कडेला घेतलेला एक इवलासा चावा. तो बघून कुणाची पेन काढायची हिंमत होणार नाही. असे क्षण दोनच, एक येताना आणि एक जाताना, आणि प्रत्येक जेमतेम दोन-अडीच मिनिटांचा.

दुकानाचा रोजचा कॅमेरा सूर्यावर रोखायची ताईंची छाती नव्हती, तो जळला तर धंदाच बसायचा. मग सुरू झाली दुसऱ्या कॅमेऱ्याची शोधाशोध. आधी ताई एका मोठ्या दुकानात गेल्या. तिथल्या विक्रेत्याने खास आकाशासाठी बनवलेला एक लालचुटुक डबा काचेखालून काढला आणि सांगितलं, याला आतून थंड ठेवायला पंखा आहे. किंमत ऐकून ताई म्हणाल्या, “माझ्या दुकानात मला धड पंखा नाही, आणि याला पंखा?” विक्रेता प्रामाणिक होता. तो म्हणाला, थंडावा लागतो तो अंधुक ताऱ्यांच्या फोटोला, मिनिटं-मिनिटं उजेड गोळा करावा लागतो म्हणून. सूर्याला कसलं काय, तिथे उजेड कमी कसा करायचा हाच प्रश्न. हे ऐकून ताईंना एवढं हलकं वाटलं की त्या त्याच्याकडून फक्त सौर फिल्टरचा एक कागद घेऊन निघाल्या. त्या कागदावर मात्र त्यांनी घासाघीस केली नाही. डोळे आणि कॅमेरा दोन्ही त्याच्यावर अवलंबून होते.

घरी त्या लांब लेन्समागे वेबकॅम लावून बघितला. त्यात सूर्य मावेचना, नुसता एक तुकडा यायचा, म्हणजे पासपोर्टला कुणाच्या नाकाचाच फोटो काढावा तसं. मोबाईल लेन्समागे धरून बघितला, तो हलायचा. शेवटी ताईंनी माळ्यावरून दुकानाचा निवृत्त कॅमेरा काढला. त्याचा फ्लॅश मेलेला, कार्ड बसत नाही, मागचा पडदा असा मंद की उन्हात काही दिसू नये.

“वहिनी, याचा फ्लॅश कुठे चालतो?” नणंद म्हणाली.

“वन्सं, अहो सूर्याला फ्लॅश कशाला मारायचा?”

यावर दोघी इतक्या हसल्या की समोर बसलेल्या गिऱ्हाइकालाही हसू आलं आणि त्याचा फोटो तीनदा काढावा लागला.

एकेक दोषावर एकेक उतारा निघाला. कार्ड बसत नाही? मग वायरने थेट लॅपटॉपला जोडू, फोटो तिकडेच उतरतील. लेन्सची फोकसची मोटर जळालेली? सूर्य काही जवळ-लांब होत नाही. एकदा हाताने कड धारदार करायची आणि चिकटपट्टी लावून टाकायची. लेन्स पुरेशी लांब नाही? जुन्या सामानाच्या बाजारात एक दुप्पट करणारा कन्व्हर्टर मिळाला. फिल्टर बसवायला नवऱ्याने दुधाच्या पावडरीच्या डब्याचं कडं कापून दिलं, कुरकुरत, पण असं चपखल की ताईंनी त्याला पेनाबद्दल माफ केलं. हवेचा फुगा मारून कॅमेऱ्याचं पोट साफ केलं, तरी तीन धुळीचे डाग राहिलेच. हट्टी डाग. तालमीच्या आठवड्यात रोज फोटो निघायचे, आणि नणंद रोज ते तीन डाग पुसून सूर्य लख्ख करून द्यायची. ताई म्हणायच्या, “काय हात आहे तुमचा, वन्सं!”

तो दिवस उजाडला तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं. दुकानाबाहेर “दोन वाजता उघडेल” अशी पाटी लागली. कामाच्या दिवशी दुकान बंद, असं आजवर कधी झालं नव्हतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत नणंद लॅपटॉप घेऊन बसली, डोक्यावरून काळं कापड, म्हणजे पडदा दिसावा. ती यायला तयार झाली होती ती चहाचा थर्मास आणि छत्री या अटींवर. ऊन तिला अजिबात सोसत नाही. ताई उन्हात, एका हातात कॅमेऱ्याचं लांब वायरचं बटण आणि दुसऱ्यात ट्रायपॉड. सूर्यामागे कॅमेरा आपोआप फिरवणारी यांत्रिक चाकं कुठली परवडायला? सूर्य दर दोन मिनिटांनी चौकटीतून निसटायचा आणि ताई त्याला बोटभर ढकलून परत आणायच्या.

“कडेला चावा दिसला की हाक मारा हं!” ताई ओरडल्या.

आठ बारा. खटक. “दिसतंय?”

“नाही गं.”

आठ तेरा. खटक. “आता?”

“नाही. एकदम स्वच्छ आहे.”

आठ चौदा, पंधरा, वीस. सूर्य चकाचक. साडेआठ झाले. तारीख चुकली का? वेळ दुसऱ्या देशाची बघितली का? ताईंनी वेळा लिहून ठेवलेला कागद चारदा वाचला. पावणेनऊला त्यांना राहवेना. त्या टाकीपाशी गेल्या आणि वाकून काळ्या कापडात डोकं घातलं.

पडद्यावर नुकताच उतरलेला सूर्य होता. त्यावर चार ठिपके. नणंदेचा माऊस सराईतपणे फिरला. टिच, एक गेला. टिच, दुसरा. टिच, तिसरा. टिच.

“थांब!” ताई किंचाळल्या. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. “तो काय पुसलास?”

“धूळ. आज एक जास्तीचा आलाय. सकाळपासून पुसतेय.”

“कुठून आला तो?”

“आधी कडेला होता. मग...” नणंद बोलता बोलता थांबली. धूळ जागची हलत नाही, हे तिला ताईंइतकंच माहीत होतं. तिचा चेहरा पांढऱ्या पडद्यासारखा झाला. “वहिनी... तो बुध होता?”

“तीळ होता तो, तीळ! सूर्याच्या गालावरचा! आणि तू मुरूम म्हणून पुसलास!”

“अगं, पण तू चावा म्हणालीस! मला वाटलं बिस्किटासारखा तुकडा गेलेला दिसेल. ग्रह म्हणजे ग्रह! तो असा मोहरीएवढा असतो हे कुणी सांगितलं मला?”

आणि खरंच कुणी सांगितलं नव्हतं. चार महिने ताई येता-जाता “चावा, चावा” करत होत्या. केवढा, ते सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुसलेले सगळे फोटो, दुकानाच्या नियमाप्रमाणे, जुन्याच्याच जागी साठवलेले. तेहतीस फोटो, आणि तेहतीस बेदाग सूर्य. येण्याचा क्षण गेला तो गेलाच.

ताईंना रडू फुटणार होतं. नणंदेला आधीच फुटलं होतं. पण तेवढ्यात पुढचा फोटो उतरला, कारण ताईंच्या हातातलं बटण मुठीत दाबलं गेलं होतं. त्यात तो होता. काळाकुट्ट, गोल, रेखीव. धुळीचे डाग त्याच्यापुढे धुरकट दिसत होते. कोट्यवधी मैलांवरचं एक अख्खं जग, आणि त्यांच्या मोडक्या कॅमेऱ्यात ते आलं होतं! रडायचं राहिलं बाजूला, ताईंनी नणंदेला मिठीच मारली. “आला, वन्सं! आपल्याकडे आला!”

“माऊस काढून घे माझ्याकडून,” नणंद डोळे पुसत म्हणाली. ताईंनी तो खरोखरच काढून पदराला बांधला.

आता सगळी भिस्त जाण्याच्या क्षणावर. आणि तिथे नवीच अडचण उभी राहिली. दुपारी सूर्य चढला डोक्यावर, आणि दुकानाचा तो ट्रायपॉड बिचारा जन्मात कधी माणसाच्या तोंडापेक्षा वर वळलेला नव्हता. कॅमेरा वर वळवला की लेन्सच्या वजनाने मान टाकायचा. स्क्रू आवळून बघितला, दोरी बांधली, विटा लावल्या. एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दोरी सुटली.

ताईंनी मग विचार केला नाही. तापलेल्या गच्चीवर गोणपाट टाकून त्या ट्रायपॉडखाली उताण्या झोपल्या आणि दोन्ही हातांनी लेन्स खालून पेलून धरली. “बटण तुम्ही घ्या. सांगा, कुठे वळवू.”

नणंदेने लॅपटॉप टाकीजवळून ओढत भर उन्हात आणला. छत्री ताईंच्या डोक्यावर टेकवली. स्वतः कापडात शिरली.

“डावीकडे. अजून. बस! वर गेला, वर गेला... हनुवटी खाली!”

ताई हसल्या तेव्हा सूर्य थरथरला, म्हणून लगेच श्वास रोखून गप्प झाल्या. खांदे भरून आले होते. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रायपॉडचा एक गंजका स्क्रू होता, बाकी काही नाही.

“टेकला,” नणंद म्हणाली. खटक. “टेकला गं, वहिनी, कडेला टेकला!” खटक. “अर्धा. अर्धा बाहेर आहे! चावा! अगदी चावा!” तिचा आवाज चढत चढत शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. खटक, खटक. “आहे... अजून आहे... नखाएवढा... आहे...”

गच्ची शांत झाली.

“गेला.”

ताईंनी हात सोडले तेव्हा बोटं सरळ होईनात. त्या तशाच पडून राहिल्या. नणंद लॅपटॉप घेऊन रांगत आली आणि कापडासकट तो त्यांच्या डोक्यावर धरला. अंधारात सूर्य होता, गोल आणि शांत, आणि खाली कडेला तो चावा, इवलासा आणि ठसठशीत. पेनाने काढता आला नसता. ताईंनी तो बघितला, पुन्हा बघितला, आणि “हा मी भिंतीवर लावणार” एवढंच त्यांना म्हणता आलं. त्या रडत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं.

“पण वहिनी,” नणंद अचानक म्हणाली, “तू बघितलंच नाहीस. होत होतं तेव्हा.”

“मी स्क्रू बघत होते.”

उन्हाने नणंदेचं नाक लालभडक झालं होतं.

“पुढच्या वेळी मी धरते. तू बघ.”

“अगं, तेरा वर्षं आहेत त्याला.”

“मग? तोवर आपल्याला कुठे जायचंय?” असं म्हणून तिने हात दिला आणि ताईंना उभं केलं.