चेलाडी फाट्यावरची राज्यक्रांती

आमच्या विंझरच्या दादाला स्वस्थ बसलेलं पाहिलेलं माणूस साऱ्या वेल्हे तालुक्यात एकच असेल, आणि ते म्हणजे मी. दादा आमच्या भावकीतला. जन्मापासून डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पायांना उसंत कशी ती नाही. लग्नाच्या पंगतीतही हा उभ्यानं जेवून मोकळा. भोरला कॉलेजला जाताना एसटीत चढला की अपंगांच्या राखीव सीटवर बसलेल्याला आधी उठवायचा, तिथं एखाद्या म्हातारीला बसवायचा आणि स्वतः दांडी धरून उभा राहायचा. वर म्हणायचा, "हक्क हाय, त्यो सोडायचा न्हाई. बसायचं का न्हाई ते मंग बघू."

तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, मी अकरावीत. एसटीत त्याला पुस्तक वाचून दाखवायची मी आणि परीक्षेत त्याची लेखनिकही मीच. त्याचा सगळा अभ्यास त्या रस्त्यावर साठलेला. नसरापूरला राजाची उधळपट्टी, पुढं चेलाडी फाट्याला रिकामा खजिना, कापूरहोळच्या वळणाला पॅरिसमधला महागलेला पाव. पेपरला वेगळी खोली मिळायची. तिथं येरझाऱ्या घालत, मनातल्या मनात एसटी हाकत तो सांगायचा आणि मी लिहायची.

इतिहासाच्या पेपरला मात्र बाहेरगावचे नवे पर्यवेक्षक आले आणि त्यांनी दादाला बाकावर बसवलं. या खेपेला नापास झालास तर कॉलेज बंद, असं त्याच्या थोरल्या भावानं बजावलं होतं. अर्धा तास गेला तरी दादाच्या तोंडून शब्द फुटेना. पाय तेवढे बाकाखाली हलत होते. उत्तरं मला पाठ होती, पण लेखनिकानं सुचवायचं नसतं. त्या सरांचा मला असा राग आला होता की सांगता सोय नाही.

शेवटी दादाच बोलला, "सर, लेखनिक दिला, जादा अर्धा तास दिला. आता उभं ऱ्हायाची परवानगी द्या."

"नियमात तसं नाही."

"बसलंच पायजे, आसं तरी हाय का?"

सरांनी परिपत्रक काढलं, दोनदा वाचलं आणि दादाला वाट करून देत आपली खुर्ची भिंतीला सरकवली.

मग दादा जो सुटला! लिहिता लिहिता माझी इतकी तारांबळ उडाली की फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांत मी 'चेलाडी फाटा' लिहून बसले. खोडते म्हटलं तर हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे की, तितनंच गेलीया ती."

दहा मिनिटं उरली तेव्हा त्यानं बाक चाचपला आणि आपणहून बसला. "आता वाच सगळं." मी पहिल्या ओळीपासून वाचत गेले आणि तो मांडीवर हात ठेवून, पायसुद्धा न हलवता ऐकत राहिला. मला रडू आलं, पण वाचणं थांबवलं नाही.

दादा पास झाला आणि नोकरीसाठी लांब निघून गेला. त्याची फार आठवण येते. एसटी कापूरहोळला वळली की अजून मला पॅरिसचा पाव आठवतो. राखीव सीटवर कुणी धडधाकट दिसला की मी त्याला उठवते, एखाद्या म्हातारीला बसवते आणि भोर येईपर्यंत दांडी धरून उभी राहते.