मी झाल्यानंतरची आई

हुबळीत केशवापूरच्या आमच्या घरात आई ऐन उन्हाळ्यात शाल पांघरून भिंतीला टेकून बसायची. हाक मारली की उशिरा ओ द्यायची. भुवया विरळ, आवाज जड. मी झालो तेव्हा तिला दूध आलंच नाही, मला वाढवलं अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. घरचे आईला आळशी म्हणायचे, शेजारच्या बायका कन्नडात तेच म्हणायच्या. मी काही म्हणत नसे. मनात मात्र धरून बसलो होतो की हिला मी नकोच होतो. पुढं धारवाडला बिऱ्हाड केलं, आणि इतक्या जवळ असून महिनोन् महिने हुबळीला गेलो नाही.

गेल्या वर्षी तिला कुणीतरी नुसती थायरॉईडची गोळी सुरू केली. ती आणखीच आडवी झाली. उलट्या, ग्लानी. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, नंतर पाळी आली का. माझ्याकडं न बघता आई म्हणाली, "फार गेलं. हा झाल्यावर पाळी आलीच नाही."

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, बाईंनी समजावलं. इतर ग्रंथींना हुकूम तिचा. त्या रक्तस्रावात तीच सुकली. गळ्यातली थायरॉईड, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निरोपाची वाट बघत बसून राहिल्या. म्हणून आधी स्टेरॉईडची गोळी, मग थायरॉईडची; उलट केलं तर जिवावर बेततं. आता जन्मभर घ्यायची, चुकवायची नाही. ताप आला तर स्टेरॉईडची मात्रा वाढवायची.

हळूहळू आईची शाल सुटली. दाजीबानपेठेत ती साडीवाल्याशी कन्नडात हुज्जत घालायला लागली, आणि मी बघतच राहिलो. अक्का म्हणाली, "ही माझी आई. तुला भेटलीच नव्हती बघ."

मनात काय धरून होतो ते शेवटी मी आईला सांगितलं. ती म्हणाली,

"तुला घ्यावं असं फार वाटायचं रे. हातच उठत नव्हते."

परवा शेजारची सून रडणारं बाळ घेऊन आली. सत्तरी ओलांडलेल्या आईनं त्याला झटक्यात कडेवर घेतलं आणि थोपटत अंगणभर फिरली. ते निवलं, तिच्या खांद्यावर झोपलं. मी खुर्चीत बसून बघत होतो. खरं सांगतो, मला त्या पोराचा हेवा वाटला. उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण जाऊन काय करणार होतो?